अंगणवाडीत नव्याने लागणाऱ्या मुलीला

अगं, आधी पैशाचं बोलते. इथे पगार नाही, मानधन मिळतं, आणि तेही कधी कधी लांबतं. ग्रॅच्युइटीचा (नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा) हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य केलाय, तेव्हा नेमणुकीचा आदेश जपून ठेव.

गाणी-गोष्टी जमतीलच. खरी कसोटी वजनकाट्याशी: मूल रडत असतानाही वजन, उंची, दंडघेर (दंडाचा घेर) नीट मोजायचा आणि पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर भरायचा (रेंज असली तर!). सहा महिन्यांवरच्या बाळाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर आईला न घाबरवता आरोग्य सेविकेला लगेच कळव.

मदतनीस म्हणून लागलीस तरी बारावी पूर्ण कर, अंगणवाडी सेविकेच्या जागेला ती लागते. शहरात जायचं असेल, तर 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करणं 2017 पासून कायद्याने बंधनकारक आहे. तिथे कामाचं विचारून बघ.