लिंबू अर्ध्यावर छाटलं तर फळ धरेल का?

छाटू नका. अर्ध्यावर तर नाहीच, आणि एप्रिलात अजिबात नाही.

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात घरामागे पाच वर्षांचं कागदी लिंबू आहे, न्हाणीच्या पाण्यावर छपरापर्यंत गेलंय, फळ मात्र एकही नाही, आणि शेजारी म्हणतायत उन्हाळ्यात अर्ध्यावर उतरवा म्हणजे धरेल. हेच वाक्य मी माझ्या अंगणात ऐकलंय आणि तेव्हा गप्प बसले होते. म्हणून एवढं लिहितेय.

आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो. सासऱ्यांनी 2011 साली घराच्या पूर्वेला मोसंबीचं कलम लावलं. खड्डा स्वतः खणला, शेणखत भरलं, कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर राहील असं रोप बसवलं. आळंही दुहेरी केलं, आतलं कोरडं आणि पाणी बाहेरच्या कड्यात, म्हणजे बुंध्याला ओल टेकत नाही. पाचव्या वर्षी दिवाळीत सोळा मोसंब्या निघाल्या. मी मोजल्या होत्या. सासऱ्यांची ती शेवटची दिवाळी.

पुढच्या एप्रिलात थोरले दीर आले. तासगावकडे त्यांची द्राक्षबाग आहे आणि द्राक्षातलं त्यांचं ज्ञान मी आजही मानते. द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे एप्रिलातली छाटणी, उरकून आले होते, कात्री गाडीतच होती. झाडाकडे बघून म्हणाले, "लईच दाटलंय. उतरवल्याशिवाय माल धरत नसतोय." माझा नवरा म्हणाला, दादाला कळतं. मी एवढंच म्हटलं, "भाऊजी, ऊन फार आहे हो." तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं, तू चहा टाक." मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तेव्हा चार जाड फांद्या खाली पडल्या होत्या, आणि ज्या खोडानं कधी सरळ ऊन बघितलं नव्हतं ते उघडं पडलं होतं, हिरवट, गुळगुळीत.

मे निम्मा होईपर्यंत पश्चिमेकडची साल भाजली. बोटानं दाबलं की पापुद्रा सुटायचा आणि खाली तपकिरी लाकूड दिसायचं. पावसाळ्यात तिथूनच डिंक यायला लागला. आधी हाताला चिकटणारा, वाळला की काचेच्या मण्यासारखा. आणि जुलैत बुंध्यातून दोन सोट सरळ वर गेले, महिन्याभरात माझ्या खांद्याएवढे. दिरांचा फोन आला, "बघ, म्हटलं नव्हतं?"

ते सोट कलमाच्या जोडाच्या खालून आले होते. पान लहान, काटे जास्त. मला शंका आली होती, पण कापायला हात धजला नाही. तीन वर्षांनी त्यावर फळ आलं, लहान, नारिंगी, संत्र्यासारखं सोलणारं. नवऱ्यानं फोड तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. ते रंगपूर लाइम होतं. मोसंबीचा डोळा ज्या खुंटावर, म्हणजे खाली मुळांसाठी घेतलेल्या दुसऱ्या जातीच्या रोपावर, भरतात त्यातला हा एक, दुसरा जंबेरी. वरची मोसंबी तोवर वाळून गेली होती.

दीर म्हणाले, नर्सरीवाल्यानं फसवलं. आजही तेच म्हणतात. भाऊजी, नर्सरीवाल्यानं फसवलं नाही. त्या सोळा मोसंब्या याच झाडाच्या होत्या, त्यातल्या चार तुम्हीच तासगावला नेल्या होत्या. तुमच्या बागेत द्राक्षाखालच्या डॉगरिज जातीच्या खुंटाला फुटवा दिसला की तुम्ही वाकून खुडून टाकता. मग माझ्या अंगणात तो दिसला नाही?

द्राक्षाचं शास्त्र वेगळं आहे. एप्रिलच्या छाटणीनंतर जी नवी काडी येते, तिच्या डोळ्यांत उन्हाळ्यात घड तयार होतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर पडतो. तिथं कात्रीशिवाय पीक नाही, हे खरंच आहे. लिंबू, मोसंबी, संत्रं ही बारमाही हिरवी झाडं. यांचं अन्न पानांत आणि फांद्यांत साठलेलं असतं आणि फूल येतं पिकलेल्या काडीच्या शेंड्याकडे. शेंडे उडवलेत की पुढचं फूलही गेलं आणि साठाही गेला. झाड मग सगळी ताकद पाणसोटांत, म्हणजे सरळ वर धावणाऱ्या कोवळ्या फुटव्यांत, घालतं. त्या कोवळ्या पानांवर पान पोखरणारी नागअळी येते, तिच्या जखमांतून खैऱ्या, म्हणजे खरबरीत डाग पाडणारा रोग, शिरतो, आणि कागदी लिंबू खैऱ्याला फार लवकर बळी पडतं.

तुमच्या झाडाचं दुखणं मला न्हाणीच्या पाण्यात दिसतंय. मुळाशी बारा महिने ओल असेल तर झाड पानंच काढत राहतं, त्याला फुलायचं कारणच मिळत नाही. बागाईतदार आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलासाठी, डिसेंबरात पाणी तोडतात ते यासाठीच. पाट दुसरीकडे वळवा. मग डिसेंबरापासून, काळी जमीन असेल तर महिना-दीड महिना पाणी देऊ नका. मुरमाड असेल तर तीन-चार आठवडे पुरतात. पानं मलूल झाली, थोडी गळायला लागली की शेणखत घालून आधी हलकं पाणी द्या, मग हळूहळू वाढवा. युरिया घालत असाल तर बंद करा.

कात्री लावायचीच तर वाळलेल्या काड्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, आतून सरळ वर निघालेले पाणसोट आणि बुंध्यापासून दोन फुटांपर्यंतचे फुटवे एवढंच काढा. भर पावसात नको, खैऱ्या पाण्याच्या थेंबांबरोबर पसरतो. कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावा. घरच्यापुरतं शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि शंभर ग्रॅम चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून एक लिटरमध्ये एकत्र करा, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. हे मला दिरांनीच शिकवलंय, तेही सांगायला हवं.

पाणी तोडणं प्रत्येक झाडाला चालत नाही. झाड आधीच पिवळं पडलं असेल, बुंध्याला डिंक असेल तर ताण देऊ नका, आधी ते बरं करा. मुळाशी पाणी तुंबणं तर सगळ्यात वाईट. 2019 च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या नणंदेच्या दारातलं लिंबू आठवडाभर पाण्यात उभं होतं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डिंक गाळत वाळलं.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमचं झाड कलमाचं आहे की बियांचं? आपल्याकडे कागदी लिंबाची रोपं बहुतेक बियांपासूनच करतात. तसं असेल तर खुंटाची भानगड नाही, खालचा फुटवाही लिंबाचाच असतो. पण बियांच्या रोपाला पहिलं फळ यायला चार-पाच वर्षं सहज लागतात, सावलीत असेल तर त्याहून जास्त. म्हणजे तुमचं झाड कदाचित आत्ताच वयात आलंय. बुंध्याशी वीतभर उंचीवर सालीचा रंग किंवा जाडी बदललेली दिसते का ते बघा आणि इथे कळवा.