शिया-सुन्नी वाद वाचायचाय? करबलापासून सुरुवात नको
प्रेषितांचे नातू हुसेन जिथे मारले गेले, ती करबलाची लढाई ६८० ची. त्याआधी ६५६ ते ६६१ नीट वाचा, नाहीतर पुढचं काहीच उलगडत नाही. खलिफा उस्मान यांची मदिनेत हत्या, बसऱ्याजवळ उंटाची लढाई, मग ६५७ ला सिफ्फीनची लढाई. इथे रेंगाळा. उस्मान यांच्यानंतर खलिफा झालेल्या अलींनी सीरियाचे सुभेदार मुआविया यांच्याशी लवाद (मध्यस्थांकडून निवाडा) मान्य केला म्हणून त्यांच्याच फौजेतला एक गट फुटला, तेच खारिजी. नवखे त्यांना हमखास मुआवियांच्या बाजूचे समजतात. ते दोघांच्याही विरोधात होते. ६६१ मध्ये कूफ्यात अलींना मारणारा इब्न मुल्जम खारिजीच. आजची पंथांची लेबलं त्या माणसांना लावू नका, पंथ सावकाश घडले. आणि हो, इतिहासकार तबरी (मृत्यू ९२३) एकाच घटनेच्या अनेक हकिकती देतो. प्रत्येकीचा निवेदक कोण, ते टिपत चला.