ऑइल बदलल्यावर वीस किलोमीटरमध्ये बाइकचं इंजिन जाम. ऑइल बदलण्याशी संबंध असेल की योगायोग?

संबंध आहे असंच धरून चाला. सकाळपर्यंत गाडी व्यवस्थित होती, मध्ये फक्त ऑइल बदललं, आणि आता तुम्ही लिहिता की वरून टकटक आवाज येऊन गाडी बंद पडली आणि किक खाली जात नाही. योगायोग म्हणणाऱ्याने आधी तो सिद्ध करावा.

माझ्याबाबतीत नेमकं हेच झालंय. सर्व्हिसिंग करून निघालो आणि आठ-नऊ किलोमीटरवर हेडमधून, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागातून, बारीक टिकटिक सुरू झाली, शिलाई मशीनसारखी. रेस दिली की तीही वाढायची. मी तिथेच गाडी बंद करून दादाला फोन लावला, कारण गाडी दोघांत एकच. तो म्हणाला, "अरे, नवीन ऑइल आहे, वर चढायला वेळ लागतो. हळू चालव, बसेल आवाज." मी ऐकलं. चाळीसच्या वर गेलो नाही. पाच-सहा किलोमीटरात टिकटिकीची खडखड झाली, गाडी ओढेना, आणि एका चढावर मागचं चाक क्षणभर अडकून इंजिन बंद पडलं. हेडजवळ हात नेववत नव्हता आणि करपल्यासारखा वास येत होता.

ज्याने ऑइल बदललं त्याने गाडी न उघडताच सांगितलं, "इंजिन आधीच संपलं होतं, ऑइलचा काय संबंध?" दादाला ते पटलं. तेव्हापासून घरात ठरलेलं आहे की मी गाडी ताणली.

मी ती दुसऱ्याकडे नेली आणि समोर बसून उघडून घेतली. आधी ऑइल काढून मापलं. बरोबर जितकं हवं तितकंच होतं. मग फिल्टरचं झाकण काढलं, तर फिल्टर उलटा. अशा आत बसणाऱ्या फिल्टरची एक बाजू बंद असते आणि दुसऱ्या बाजूला रबराची कड असलेलं भोक. ऑइल बाहेरून कागदातून आत शिरतं आणि त्या भोकातून पुढे क्रँककडे (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) आणि हेडकडे जातं. स्प्रिंग टेकते ती बंद बाजूवर. उलटा बसवला की बंद बाजू वाटेवर येते आणि पंप फिरत असूनही पुढे काही पोचत नाही. माझ्या फिल्टरच्या रबरी कडेवर स्प्रिंगचा गोल वळ उमटला होता. स्प्रिंग जिथे टेकायलाच नको, तिथे. हेडमध्ये कॅम, म्हणजे वाल्व उघडणारा दांडा, ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या जागेत फिरतो तिथे इतके खोल चरे होते की नख अडकत होतं, आणि कॅमने हलून वाल्व दाबणारे रॉकर कोरडे.

त्यामुळे तुम्ही आता काय करायचं, तर किक मारायची नाही, धक्का द्यायचा नाही. ऑइल स्वच्छ भांड्यात काढून मापा. कमी निघालं तर ड्रेन बोल्टचा वॉशर, फिल्टरची ओ-रिंग आणि सीलभोवतीचा ओलेपणा बघा. डब्यासारखा बाहेरून आवळायचा फिल्टर असेल तर जुनं रबर इंजिनलाच चिकटून राहिलंय का ते पाहा. दोन रबरं एकावर एक आली की तिथून ऑइल बाहेर फेकलं जातं. माप बरोबर असेल तर फिल्टर कुठल्या तोंडाने बसलाय ते बघा, आणि काढण्याआधी फोटो घ्या. ऑइल पातळ फडक्यातून गाळून चकाकणाऱ्या कणांना लोहचुंबक लावा. चिकटले तर लोखंड, नाही चिकटले आणि रुपेरी असले तर बहुतेक पिस्टन किंवा हेडचं अ‍ॅल्युमिनियम, तांबूस असले तर बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी). नंतरच प्लग काढून, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हलकेच हलवून पाहा. जराही हललं नाही तर जोर लावू नका, हेड उघडावंच लागेल.

चुकीच्या ग्रेडचं ऑइल टाकल्याने इंजिन सहसा वीस किलोमीटरात जाम होत नाही. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो, जास्त भरलं तर ते फेसाळून ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) एअर फिल्टरमध्ये येतं आणि धूर निघतो. ते वेगळं दुखणं. आणि "ऑइल वर चढायला वेळ लागतो" हे तर निव्वळ चूक. चांगल्या पंपाने ते काही सेकंदांत हेडला पोचतं. टिकटिक वाढत असेल तर त्या इंजिनला एक किलोमीटरही चालवायचं नाही. दादाने हे तेव्हा सांगितलं असतं तर कदाचित चरे निघालेच नसते. चालवणाऱ्याने ताणली म्हणणं सोपं असतं, कारण त्याला झाकण उघडावं लागत नाही.

हं, सगळ्या गाड्यांत फिल्टर उलटा बसू शकतोच असं नाही. काहींत जाळी असते, काहींत बायपास वाल्व (फिल्टर तुंबला तर ऑइलला दुसरी वाट देणारी झडप) असल्याने थोडंफार ऑइल जात राहतं. बऱ्याच इंजिनांत कॅम बेअरिंगवर फिरतो, तिथे आधी दुसरंच काही जातं. आणि टायमिंग चेन (कॅम फिरवणारी साखळी) तुटणं किंवा वाल्व अडकणं हे त्याच दिवशी होऊ शकतं, म्हणून योगायोग शून्य आहे असं मी म्हणत नाही. पण तो विचार ऑइल आणि फिल्टर बघून झाल्यावर.

उघडताना समोर बसा आणि जुना फिल्टर टाकू देऊ नका. माझा अजून पिशवीत ठेवलेला आहे, वळासकट. दादाने तो एकदाही हातात घेतलेला नाही.