नवीन लेख गूगलला सापडत नाही? आधी जुन्या लेखांतून लिंक द्या

नवीन लेख टाकलात की तो तसाच सोडू नका. ज्या पानावर एकही आतली लिंक, म्हणजे तुमच्याच साइटच्या दुसऱ्या पानावरून दिलेली लिंक, येत नाही, ते साइटमॅपमध्ये (गूगलला दिलेल्या पानांच्या यादीत) असलं तरी गूगलच्या लेखी बिनमहत्त्वाचं ठरू शकतं.

समजा, साइट पाककृतींची आहे आणि लेख कटाच्या आमटीचा. गूगलवर इंग्रजीत ‘site:’, त्याला जोडूनच तुमचं डोमेन (साइटचा पत्ता) आणि पुढे ‘पुरणपोळी’ असं शोधा. जे जुने लेख येतील त्यांतल्या तीन-चारांत, जिथे पुरणाच्या कटाचा उल्लेख आहे त्याच वाक्यात लिंक द्या. लिंकचे शब्द ‘कटाची आमटी’ असेच हवेत. ‘इथे क्लिक करा’ने गूगलला काहीच कळत नाही, आणि वाचकालाही. मात्र तेच शब्द दुसऱ्या पानाला जोडू नका, नाहीतर मुख्य पान कोणतं याचा घोळ होतो.

लिंक साध्या एचटीएमएलची, ‘एचरेफ’ (href, म्हणजे कोडमध्ये पानाचा पत्ता लिहायची जागा) असलेली हवी. नुसत्या जावास्क्रिप्टने उघडणारं बटण गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, दाबत नाही. पानाचा पत्ता बदललात तर ३०१ (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळवणं) लावाच, पण जुन्या लिंकाही दुरुस्त करा.

सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात ‘लिंक्स’ अहवालात कोणत्या पानाला किती आतल्या लिंका आहेत ते दिसतं. तिथे ‘आमच्याविषयी’ वर आणि कामाचे लेख तळाशी दिसले तर दचकू नका, मेन्यूतल्या लिंका प्रत्येक पानावरून मोजल्या जातात.