हिब्रू भाषेतलं पहिलं समाजवादी मासिक कोणतं आणि ते का बंद पडलं?

ते मासिक म्हणजे 'हा-एमेत' (सत्य). 1877 मध्ये व्हिएन्नातून त्याचे फक्त तीन अंक निघाले.

संपादक होते आरोन लिबरमन. झारच्या पोलिसांमुळे 1875 मध्ये त्यांना व्हिल्ना (आजचं लिथुआनियातलं विल्नियस, तेव्हा रशियन साम्राज्यात) सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्यांनी ज्यू कामगारांची समाजवादी संघटना उभारली, पण ती काही महिन्यांतच मोडली. मग ते व्हिएन्नाला गेले आणि आर्थर फ्रीमन या नावाने मासिक काढलं.

कामगार यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोलभाषा) बोलत असताना मासिक हिब्रूत का, हा प्रश्न रास्त आहे. लिबरमन यांचा डोळा धर्मपाठशाळांत शिकलेल्या तरुणांवर होता. हिब्रू वाचणारे हे तरुण आधी समाजवादाकडे वळले, तर विचार कामगारांपर्यंत तेच नेतील, असा त्यांचा हिशोब. मला तो चुकीचा वाटत नाही, पण त्यामुळे वाचकवर्ग सुरुवातीपासूनच लहान राहिला. त्यातले बहुतेक वाचक रशियन साम्राज्यात, आणि तिथे मासिकावर बंदी आली. वर्गणीदारच तुटल्यावर मासिक कशावर चालणार?

1878 मध्ये लिबरमनना व्हिएन्नात अटक झाली, पुढे जर्मनीतही तुरुंगवास घडला. 1880 मध्ये अमेरिकेत, सिराक्यूज इथे त्यांनी आत्महत्या केली. तेव्हा ते पस्तिशीच्या आसपास होते. इतक्या धडपड्या माणसाचा असा शेवट वाचून आजही वाईट वाटतं.

मासिक बंद पडलं, तरी त्याचं काम मात्र थांबलं नाही. समाजवादी लेखक मॉरिस विंचेव्स्की यांनी तेव्हाच्या जर्मनीतल्या क्योनिग्सबर्गमधून 'असेफत हखामिम' हे हिब्रू नियतकालिक काढलं. तेही 1878 मध्येच बंद झालं. पुढे लंडनमध्ये विंचेव्स्की यिडिशकडे वळले आणि तिथे त्यांना कामगार वाचक मिळाले.