खेळून झाल्यावर क्लब सांभाळतो का?

प्रश्न : माझा मुलगा 17 वर्षांचा आहे. बारावी कॉमर्सला आहे. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या तालमीच्या ज्युनिअर संघातून फुटबॉल खेळतो, शाळेकडून राज्य पातळीवर खेळून आलाय. अभ्यासाचं नाव काढलं की म्हणतो, ‘खेळून झालं की क्लबवालेच सांभाळतात. मँचेस्टर युनायटेड बघा, जुन्या खेळाडूंना ॲम्बेसेडर करून पगार देतात.’ हे खरं आहे का? असं करिअर असतं का? बारावीनंतर त्याला नुसतं खेळू द्यावं का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. तुमचा मुलगा सांगतो ते खोटं नाही. इंग्लंडमधल्या जवळपास सगळ्या मोठ्या क्लबांकडे असे माजी खेळाडू आहेत. लिव्हरपूलकडून 346 गोल करणारे इयन रश वर्षानुवर्षं क्लबचे ॲम्बेसेडर, म्हणजे क्लबच्या वतीनं लोकांना भेटणारे प्रतिनिधी, म्हणून जगभर फिरतायत. त्यांचा तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. टॉटनहॅमचा लेडली किंग आयुष्यभर त्या एकाच क्लबकडून खेळला. गुडघा इतका खराब की आठवडाभर त्याला संघाबरोबर सराव करता यायचा नाही, थेट सामन्यालाच उतरायचा. 2012 मध्ये निवृत्त झाला आणि क्लबनं त्याला ॲम्बेसेडर केलं. जर्मनीत बायर्न म्युनिकनं ब्राझीलच्या जिओवानी एल्बरला हेच काम दिलं. तेव्हा हे काम आहे, त्याचा करार होतो, त्याचे पैसेही मिळतात.

पण ‘क्लबवालेच सांभाळतात’ हे त्याचं वाक्य मला पटत नाही. त्यानंच नाव घेतलेल्या मँचेस्टर युनायटेडचं उदाहरण बघू. ब्रायन रॉबसन 1981 मध्ये तिथे आले, 1994 पर्यंत खेळले, त्यातली बहुतेक वर्षं कर्णधार होते. ते ॲम्बेसेडर झाले 2008 मध्ये. मधली 14 वर्षं त्यांना कुणी सांभाळलं नाही. मिडल्सब्रो, ब्रॅडफर्ड, वेस्ट ब्रॉम, शेफिल्ड युनायटेड अशा संघांचं मॅनेजरपद, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाचं काम, त्यांनी केलं. ॲम्बेसेडर झाल्यावरही 2009 मध्ये ते थायलंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. इतक्या मोठ्या खेळाडूलाही स्वतःचा चरितार्थ स्वतःच उभा करावा लागला. क्लबचं बोलावणं आलं ते नंतर.

आणि आलेलं बोलावणं कायमचं असतं असंही नाही. 2024 मध्ये युनायटेडनं खर्चकपात सुरू केली, तेव्हा क्लबचे माजी मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा ॲम्बेसेडर म्हणून असलेला करारसुद्धा मोसमाच्या अखेरीस संपवायचं ठरलं. ज्यांनी क्लबला 13 लीग विजेतेपदं मिळवून दिली त्यांची ही गोष्ट. हा परिच्छेद मुलाला जरूर वाचून दाखवा.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते बघा, कारण टीव्हीवर आपल्याला फक्त स्टेडियममधल्या खास पाहुण्यांच्या बॉक्समध्ये सूट घालून बसलेला माणूस दिसतो. सामना दुपारी तीनला असेल तर ॲम्बेसेडर त्याच्या कितीतरी आधी स्टेडियममध्ये पोचलेला असतो. महागडी तिकिटं काढून आलेले पाहुणे आणि प्रायोजक कंपन्यांची माणसं वरच्या मजल्यावर जेवायला बसलेली असतात. लग्नघरातला वडीलधारा माणूस जसा पंगतीतून फिरत प्रत्येकाची विचारपूस करतो, तसं याला टेबलाटेबलावर जावं लागतं. प्रत्येकाला तोच गोल कसा मारला ते ऐकायचं असतं, आणि त्यानं ते आज पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहानं सांगायचं असतं. फोटो, सह्या, माइकवर चार प्रश्नांची उत्तरं. संघ हरला तरी संध्याकाळी त्याच लोकांसमोर हसऱ्या चेहऱ्यानं उभं राहायचं. मधल्या दिवशी एखादी शाळा, एखादं रुग्णालय, क्लबच्या फाउंडेशनचा कार्यक्रम. जुना सहकारी गेला तर त्याच्या अंत्यविधीला क्लबच्या वतीनं हजर राहायचं. मग आशिया दौरा, चाहत्यांच्या मंडळाचं जेवण, प्रायोजकाच्या दुकानाचं उद्घाटन. युनायटेडनं मुंबई आणि बंगळुरूतही ‘आय लव्ह युनायटेड’ नावाचे कार्यक्रम केले, मोठ्या पडद्यावर सामना आणि सोबतीला क्लबचे माजी खेळाडू. तिथे आलेल्या पोरांना हा माणूस दहा मिनिटं आपल्याशी कसा बोलला हेच लक्षात राहतं, आणि क्लब पैसे मोजतो ते त्यासाठीच.

म्हणून मला या सगळ्यात पार्क जी-सुंगचं उदाहरण सर्वांत जवळचं वाटतं. दक्षिण कोरियाचा हा खेळाडू जपानमधल्या क्योटोच्या क्लबकडून खेळला, मग हॉलंडमध्ये पीएसव्हीकडून, आणि 2005 ते 2012 मँचेस्टर युनायटेडकडून. संघात रोनाल्डो आणि रूनी असताना पोस्टरवर झळकणारा तो नव्हता, धावून धावून मैदान झिजवणारा होता. 2014 मध्ये निवृत्त झाला आणि त्याच वर्षी क्लबनं त्याला ॲम्बेसेडर केलं. हा मान मिळालेला तो पहिला आशियाई. त्याला निवडण्यामागचा हिशेब सरळ आहे : कोरियात आणि एकूणच आशियात क्लबचे प्रचंड चाहते आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोचायला त्याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता. पण पुढचं महत्त्वाचं आहे. पैसा, नाव, पद सगळं हातात असताना हा गृहस्थ 2016 मध्ये पुन्हा विद्यार्थी झाला. फिफा मास्टर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यानं केला. त्यात इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये खेळाचा इतिहास, इटलीतल्या मिलानमध्ये व्यवस्थापन आणि स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलमध्ये क्रीडाविषयक कायदा शिकवतात. पुढे कोरियातल्या जेओनबुक क्लबनं त्याला सल्लागार म्हणून घेतलं ते या सगळ्या शिदोरीवर. ॲम्बेसेडरच्या खुर्चीत बसून त्यानं पुढच्या कामाची तयारी केली.

बायर्नच्या हसन सालिहामिजिचचंही तसंच. आधी क्लबचा ॲम्बेसेडर, मग 2017 मध्ये थेट क्रीडा संचालक, म्हणजे खेळाडू कुठले घ्यायचे, कुठले विकायचे यात ज्याचा शब्द चालतो तो माणूस. 2023 च्या मे महिन्यात बायर्ननं लीग जिंकली त्याच दिवशी त्याला पदावरून दूर केलं. निर्णय घेण्याच्या खुर्चीत गेलं की जुनी पुण्याई फार काळ पुरत नाही.

आता आपल्याकडे बघू. इंडियन सुपर लीग ही आपली व्यावसायिक फुटबॉल लीग सुरू झाली 2014 मध्ये. मुंबई सिटी, एफसी गोवा हे क्लब अजून इतके तरुण आहेत की पन्नास वर्षं चाहत्यांच्या मनात बसलेले माजी खेळाडू त्यांच्याकडे असणार तरी कुठून? त्यात 2025 च्या जुलैमध्ये लीगचा पुढचा मोसमच स्थगित ठेवला गेला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. चांगले, राष्ट्रीय पातळीचे खेळाडू त्या काळात घरी बसून होते, आणि ज्यांच्या हाताशी पदवी किंवा नोकरी होती त्यांना ते दिवस त्यातल्या त्यात सोपे गेले असणार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट आहे. त्याचा फुटबॉल बंद करू नका आणि त्याचं शिक्षणही बंद होऊ देऊ नका. तुमच्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्यामुळे कोल्हापूरच्या पोरानं मोठी स्वप्नं बघू नयेत असं मी म्हणणारच नाही. पण 17 व्या वर्षी राज्य पातळीवर असलेल्या मुलाला व्यावसायिक करार मिळेलच अशी खात्री कुठलाही प्रशिक्षक देणार नाही. त्याच्या प्रशिक्षकांना एकदा एकटे गाठा आणि विचारा, ‘पुढच्या दोन वर्षांत हा कुठवर जाईल?’ खरं सांगतील.

त्याची शालेय आणि राज्य स्पर्धांची प्रमाणपत्रं आजच एका फाइलमध्ये लावा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. कुठल्या स्पर्धेतली कुठली कामगिरी धरतात हे शासन निर्णयात दिलेलं आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन नीट समजून घ्या. तालमीकडून गाजवलेले सामने त्यात चालतील असं गृहीत धरू नका. बोर्डाच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांचीही चौकशी कॉलेजात वेळेत करा.

बारावीनंतर बी.कॉम. किंवा बीबीए आणि जोडीला खेळ, हे जमण्यासारखं आहे. पदवीनंतर स्पोर्ट्स मॅनेजमेंट करता येतं, पुण्यात सिंबायोसिसची त्यासाठी वेगळी संस्थाच आहे. ॲम्बेसेडर एक असतो, पण त्याचा दौरा ठरवणारे, प्रायोजकांशी करार करणारे, कॅमेरा आणि सोशल मीडिया बघणारे, स्थानिक भाषेत कार्यक्रम चालवणारे बरेच असतात. त्या नोकऱ्या आपल्या मुलांच्या आवाक्यातल्या आहेत. प्रशिक्षणाकडे कल असेल तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्सपासून सुरुवात होते.

आता चार ओळी मुलासाठी. बाळा, तुला खरंच ॲम्बेसेडरच्या खुर्चीत बसायचं असेल तर तिची तयारी आजपासून करता येते. शाहू स्टेडियमवर सामना संपला की तालमीतल्या म्हाताऱ्या खेळाडूंजवळ जाऊन बस, त्यांना जुन्या सामन्यांबद्दल विचार, त्यांच्या परवानगीनं मोबाइलवर रेकॉर्ड कर. तुमच्या मंडळाच्या पुढच्या स्पर्धेत प्रायोजक मिळवायला जो कुणी दुकानादुकानांत फिरतो, त्याच्याबरोबर तू जा आणि एका दुकानदाराशी तरी स्वतः बोल. इंग्रजी बोलायला लाजू नकोस, हिंदी सुधार. पार्कला मँचेस्टरमध्ये पहिल्या दिवशी इंग्रजी येत होतं म्हणून क्लबनं घेतलं नव्हतं, पण पुढे ते आलं नसतं तर ॲम्बेसेडर केलं नसतं.

बारावीची परीक्षा झाली की दोघं मिळून भेटायला या. येताना ती प्रमाणपत्रांची फाइल आणि प्रशिक्षकांनी काय सांगितलं ते कागदावर लिहून आणा.