‘प्रिंट तर झकास येते’ म्हणालात, तिथंच मला धस्स झालं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापूरच्या बावड्यात घर, पतसंस्थेत नोकरी, कम्युनिटी कॉलेजचा सहा महिन्यांचा स्वयंगती संगणक कोर्स. चार महिने संपले. दहापैकी सात स्वाध्याय पेनड्राइव्हवर तयार, पण जमा एकही नाही, कारण ‘सगळे नीट करून शेवटच्या पंधरा दिवसांत एकदम टाकले तर चालतील ना?’ आणि जाता जाता एक वाक्य : बिंदू चौकाजवळच्या दुकानातल्या मुलानं मराठी टायपिंग घालून दिलंय, प्रिंट तर झकास येते.

नियमात बसत असेल तर चालेल. पण करू नका. आज रात्री एक स्वाध्याय जमा करा, अर्धा कच्चा असला तरी. का, ते सांगायला जरा लांबण लावावी लागेल.

आधीच सांगतो, मी काही शिक्षक नाही. पंचगंगेपलीकडच्या एका गावातल्या दूध संस्थेत कारकून आहे. तुमच्या कॉलेजचे नियम माझ्या कॉलेजसारखेच असतील असंही नाही. फोल्डर कसं करायचं, फाइल कुठं चढवायची हे तुम्हाला येतंय असं धरून चालतो, सात स्वाध्याय केलेत म्हणजे येतच असणार.

२०१९ च्या फेब्रुवारीत मी नाव घातलं. वय त्रेचाळीस. संस्थेत दूध मोजायचं यंत्र संगणकाला जोडायचं चाललं होतं आणि चेअरमन म्हणाले होते, कोर्स कर, तिथं तुलाच बसवतो. फॉर्मवर ‘स्वतःच्या गतीने’ असं होतं. ते वाचून मी इतका खूश झालो की त्याच कागदावर खाली बारीक अक्षरात वैधता १४ ऑगस्टपर्यंत आहे, हे वाचलंच नाही. माझी गती म्हणजे दर दहा दिवसांचं दूध बिल निघालं की दोन दिवस कोर्स, बाकी राम राम.

बरं, मला टायपिंग येत नव्हतं असंही नाही. तरुणपणी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टन मशीनवर मराठी ३० ची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा दिलेली. बोटांना ते अजून पाठ. त्यामुळं कोर्समध्ये ‘इन्स्क्रिप्ट कीबोर्ड’चा, म्हणजे संगणकावर मराठी लिहायच्या प्रमाण मांडणीचा, धडा आला तेव्हा मी तो सरळ ओलांडला. एका डीटीपीवाल्या मित्रानं लॅपटॉपवर कृतिदेव फॉन्ट टाकून दिला. कळपट जुनाच, बोटं धावायला लागली. मला वाटलं, ही पोरं एका बोटानं टिकटिक करतायत, आपण यांच्या लई पुढं आहे.

आता यातली खुबी कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. जुन्या पद्धतीच्या अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात मराठी नसतंच. पोटात इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द ‘ई, जे, के, बी, एच’ असा साठवला जातो. तुमच्या मशीनवर फॉन्ट आहे, दुकानातल्या मशीनवर आहे, म्हणून पडद्यावर मराठी दिसतं आणि प्रिंटही झकास येते. ज्याच्याकडं फॉन्ट नाही त्याला मुखवट्यामागचा कचरा दिसतो. फॉन्टचा यात दोष नाही, छपाईवाले आजही वापरतात, आणि पीडीएफ करून दिलं असतं तर फॉन्ट फाइलसोबत गेला असता. पण माझ्या कॉलेजला वर्ड आणि एक्सेलच्याच फाइल हव्या होत्या. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, ते कुठंही उघडलं तरी मराठीच राहतं. एवढा सगळा फरक.

आणि गंमत बघा, मला आधीच इशारा मिळाला होता. पाचव्या स्वाध्यायात एक्सेलमध्ये आडनावांची यादी करून ती वर्णानुक्रमे लावायची होती. मी संस्थेच्या सभासदांची घेतली. बटण दाबलं, तर कांबळे, माने, पाटील, सावंत, चौगले, जाधव आणि सगळ्यात शेवटी आंबी! ‘आ’ शेवटी? पोटात इंग्रजी असल्यामुळं एक्सेलनं ए-बी-सी-डीप्रमाणं लावलं होतं. क म्हणजे डी, म म्हणजे ई, प म्हणजे आय, आणि अ म्हणजे व्ही. संगणक बिचारा खरं बोलत होता. मी काय केलं? ‘एक्सेलला मराठी येत नाही’ असं म्हणून छत्तीस ओळी एकेक कापून हातानं जागेवर लावल्या. रात्री साडेअकरापर्यंत. बायको म्हणाली, दुधाच्या रांगेतली माणसं पण एवढ्या काळजीनं कुणी लावत नसेल.

तो स्वाध्याय मी त्याच आठवड्यात जमा केला असता तर एप्रिलमध्येच कळलं असतं. पण मलाही तुमच्यासारखंच सगळं एकदम, नीट, चकाचक द्यायचं होतं. दहाच्या दहा स्वाध्याय जुलैच्या शेवटी एका संध्याकाळी चढवले. हिरवी खूण आली. संस्थेत पेढे वाटले, हो, खरंच वाटले.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. तुम्ही बावड्याच्या, तुम्हाला वेगळं काय सांगू. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी ५५ च्या वर गेलेलं. आमचा रस्ता बंद, लाइट नाही, मोबाइल मेलेला, दुधाची गाडी येईना म्हणून संकलन बंद. नेमकं त्यातच कॉलेजचं उत्तर येऊन पडलं होतं : ‘फाइल वाचनीय नाहीत, सात दिवसांत पुन्हा सादर करा.’ मी ते वाचलं १७ तारखेला. सात दिवस उलटलेले आणि कोर्सही तीन दिवसांपूर्वी संपलेला.

आता ऑफिस. नाव घेत नाही, घ्यायचंही नाही, पण या भागावर माझं रक्त अजून तापतं. पहिल्या टेबलावर सांगितलं, हा तांत्रिक विषय आहे, लॅबमध्ये जा. लॅबमधला मुलगा चांगला होता, त्यानं फाइल उघडून दाखवली. दहाही स्वाध्याय, आणि प्रत्येक पानावर मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं. मी तिथंच त्याच्या मशीनवर फॉन्ट टाकून दाखवला, सगळं मराठी झालं. तो म्हणाला, सर, बरोबर आहे की, पण मला गुण देता येत नाहीत, ऑफिसला सांगा. ऑफिसात दुसऱ्या टेबलावर मॅडम म्हणाल्या, सिस्टिम बंद झालीय. उघडायचे अधिकार कुणाला? समन्वयकांना. समन्वयक कुठं? पूरग्रस्तांच्या कामावर. तेही खरंच होतं, त्याला नाव ठेवत नाही. दहा दिवसांनी भेटले तेव्हा पुराचा अर्ज द्या म्हणाले, तलाठ्याच्या दाखल्यासह. तलाठी त्या महिन्यात पंचनाम्यात बुडालेला. दाखला आणला तर उत्तर : पूर ऑगस्टमधला, तुम्हाला सहा महिने होते, तुमच्या गतीनं करायचं होतं ना?

हे शेवटचं वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. पण मला आजही वाटतं, सहा महिन्यांत कॉलेजनं एकदा फोन करून विचारायला हवं होतं, अहो, तुमची एकही फाइल का नाही? स्वयंगती म्हणजे शिकणाऱ्याला विहिरीत सोडून कठड्यावर चहा प्यायचा असं नव्हे. असो. फी पुन्हा भरली, पूर्ण. आणि संगणकावर तोवर चेअरमनांचा भाचा बसला. तो अजून तिथंच आहे, पोरगा वाईट नाही.

सप्टेंबरात दुसऱ्यांदा नाव घातलं तेव्हा तिसऱ्या दिवशी चार ओळींचा पहिला स्वाध्याय टाकला, मुद्दाम कच्चाच. सोबत एवढंच विचारलं, ‘उघडली का? अक्षरं नीट दिसतात का?’ दोन दिवसांत उत्तर आलं. जानेवारीत कोर्स संपला.

तर तुमचं आता काय करायचं. पेनड्राइव्हवरची एक फाइल स्वतःच्याच मोबाइलवर व्हॉट्सॲपनं पाठवा आणि उघडा. मराठी दिसलं तर देवाचे आभार माना आणि आजच कॉलेजला टाका. इंग्रजीचा कचरा दिसला तरी घाबरू नका, तुमच्या हातात दोन महिने आहेत, माझ्याकडं नव्हते. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी साधनं नेटवर फुकट मिळतात. मात्र बदलून झाल्यावर ओळ न् ओळ वाचा, रफार आणि जोडाक्षरं हमखास उड्या मारतात. एक्सेलच्या यादीत बदलल्यावर पुन्हा क्रमवारी लावून बघा, आंबी वर आला की समजा जमलं. पतसंस्थेची खरी खातेदार यादी सरावाला घेतली असेल तर नावं-रकमा बदला बरं का, मी सभासदांची खरी नावं घातली होती, ते चुकीचंच होतं. आणि रकमेच्या रकान्यात ‘५०० रु.’ असं लिहू नका, नुसता आकडा लिहा. ‘रु.’ जोडलं की एक्सेल त्याला मजकूर समजतं आणि बेरजेत धरत नाही.

टायपिंगचं म्हणाल तर विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमधून मराठी जोडा, विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबली की भाषा बदलते. कीबोर्ड इन्स्क्रिप्ट. साधारण डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि डी दाबली की अक्षराचा पाय मोडतो. माझ्या रेमिंग्टनच्या बोटांनी तीन आठवडे शिव्या घातल्या, मग गप्प बसली. तुम्ही जुनं मशीन शिकला नसाल तर तुम्हाला आठ-दहा दिवस पुरावेत, हा माझा अंदाज. ज्यांना रेमिंग्टन सोडवत नाही त्यांच्यासाठी युनिकोडमध्येही तशी मांडणी मिळते. रोमन अक्षरांत ‘माझे’ लिहून मराठी उमटवायची पद्धत सोपी आहे, पण ती मला पटत नाही. मराठी लिहिताना डोकं इंग्रजीत स्पेलिंग करत बसतं. यावर भांडायला येणारे बरेच निघतील, येऊ द्या.

सायबर कॅफेत पेनड्राइव्ह घालणार असाल तर प्रत सोबत ईमेलवर ठेवा. माझा एकदा व्हायरसनं खाल्ला, सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसले.

आणखी एक, विचारलं नाहीत तरी. पुढं सरकारी जाहिरातीला अर्ज करायचा बेत असेल तर त्या जाहिरातीत कोणतं संगणक प्रमाणपत्र चालतं ते आत्ताच वाचून ठेवा. कम्युनिटी कॉलेजचं सगळीकडं धरतात असं गृहीत धरू नका. बऱ्याच ठिकाणी एमएस-सीआयटी किंवा सीसीसीचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. टायपिंगचं प्रमाणपत्र त्याहून वेगळं, ती परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. आमच्या गावातल्या एकानं हे तीन एकच समजून वर्ष घालवलं. तुम्हाला पतसंस्थेतल्या बढतीसाठीच हवं असेल तर मॅनेजरना विचारून लेखी घ्या, तोंडी नको. चेअरमनच्या तोंडी शब्दाचं काय झालं ते वर सांगितलंच.

मोबाइलवर कचरा दिसला तर त्यातली एक ओळ इथं जशीच्या तशी चिकटवा. कृतिदेव असेल तर मी अजून ती सरळ वाचून दाखवतो, सहा महिन्यांच्या फीच्या बदल्यात तेवढं तरी पाठ झालंय.